शंकररावांचा गेलेला आवाज

शंकररावांचा आवाज गेला तो मिलच्या फाटकासमोर, शेकडो माणसांच्या देखत, आणि तोही हातात माईक असताना.

मिलला टाळं लागून तेव्हा चार महिने झाले होते. साल ब्याण्णव. इंदुरातल्या मिलांची धुराडी एकेक करून थंड पडायला लागली होती आणि परदेशीपुऱ्याच्या कामगारवस्तीत घरोघरी तोच एक विषय होता. दर मंगळवारी सकाळी फाटकासमोर सभा भरायची. शंकरराव सत्तावीस वर्षं विणाई खात्यात होते, त्यातली शेवटची बारा वर्षं जॉबर म्हणून. म्हणजे माग बिघडला की विणकर हात वर करणार आणि शंकररावांनी जाऊन तो पुन्हा चालू करून द्यायचा. माणूस शांत, कामाला चोख, कुणाशी वाकडं नाही. म्हणूनच त्यांचा जुना सोबती बाळकृष्ण, जो युनियनचं काम बघायचा, त्यानं त्या मंगळवारी त्यांना पुढं ढकललं. फार काही बोलायचं नव्हतं. वाक्यसुद्धा बाळकृष्णनंच सांगून ठेवलं होतं: आमची मिल पुन्हा सुरू झालीच पाहिजे.

शंकररावांनी माईक धरला. "साथियों," म्हणाले. "हमारी मिल," म्हणाले. पुढं ओठ हलले, पण आवाज आला नाही. माईकवाल्यानं वायर हलवून बघितली. बाळकृष्णनं माईकवर टिचकी मारली, तर ती चांगली ठणठणीत वाजली. शंकररावांनी पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. मग कुणीतरी म्हणालं की भिया, म्हणजे इंदुरी भाषेत भाऊ, भावुक झाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीतल्या दोघातिघांचे डोळेही पाणावले. बाळकृष्णनं त्यांना मिठी मारली. शंकरराव मान खाली घालून उभे राहिले, आणि सगळ्यांना वाटलं की बिचाऱ्याला मिलचं दुःख सहन होत नाही.

आवाज दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

गंमत अशी की मिलमधल्या माणसांना आठवडाभर त्याचा पत्ताच लागला नाही. विणाई खात्यात शेकडो माग एकदम चालू असले की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, हातांनी खुणा करतात. बाळकृष्ण पोह्यांच्या ठेल्यावर शंकररावांशी अर्धा तास बोलत बसला, त्यांच्या ओठांवरून उत्तरं घेत राहिला, आणि उठून गेला. त्याला काही वेगळं वाटलंच नाही. रविवारी विहारात बुद्धवंदनेला शंकरराव सगळ्यांबरोबर ओठ हलवत उभे होते, तिथंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरात मात्र गोंधळ उडाला. त्यांची बायको मंजुळा बालवाडीत शिकवायची. तिला ओठांची भाषा येत नव्हती, आणि नवरा तोंड हलवतोय पण ऐकू काही येत नाही, याची तिला भीती वाटायला लागली होती. तिनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं. शेवटी बालवाडीतली एक पाटी आणून हातात दिली. कॉलेजात शिकणारी मैत्री, त्यांची मुलगी, त्यांना नाकाकानघशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की आत सगळं उत्तम आहे, घशाला काही झालेलं नाही. त्यांनी एक चिठ्ठी दिली. मल्हारगंजात एका धर्मादाय दवाखान्यात शैलजाबाई म्हणून बसतात, त्या बोलून इलाज करतात, त्यांना भेटा.

मंजुळानं चिठ्ठी वाचली. "ज्याला बोलता येत नाही, त्याला बोलून बरं करणार," ती म्हणाली. "अजीब है."

शंकररावांना हसू आलं नाही. इंदुरात डोक्याच्या डॉक्टरचं नाव निघालं की लोकांना थेट बाणगंगेचं मेंटल हॉस्पिटल आठवतं. त्यांनी पाटीवर लिहिलं: मी पागल नाही. मैत्रीनं त्याखाली लिहिलं: मग जायला काय हरकत आहे? शेजाऱ्यांना सांगायचं ठरलं की गळ्याला शेक द्यायला जातात.

दवाखाना एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. खाली पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्यांचा कारखाना. हातोड्यांचा असा आवाज की दुसऱ्या कुणाचं डोकं उठलं असतं. शंकररावांना मात्र जिना चढता चढताच जरा हलकं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कानांना ओळखीचं काहीतरी मिळालं होतं.

शैलजाबाई पस्तिशीच्या असतील. सुती साडी, टेबलावर पाण्याचा तांब्या, कॅलेंडर, आणि औषधाची एकही बाटली नाही. त्यांनी पहिल्यांदा शंकररावांना खोकायला सांगितलं. शंकररावांनी खोकून दाखवलं. सत्तावीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेला तो खोकला चांगला खणखणीत होता.

"खोकल्याला आवाज आहे, शंकररावजी," त्या म्हणाल्या. "म्हणजे आवाज कुठं गेलेला नाही. तो काही कारणानं बाहेर येत नाहीये. कारण काय असेल, ते आपण दोघं मिळून बघू. घाई नाही."

शंकररावांनी पाटी काढली. शैलजाबाईंनी ती हळूच बाजूला ठेवली. पाटीवर माणूस कमी लिहितो, म्हणाल्या. तुम्ही मिलमध्ये बोलायचात तसं बोला, मी शिकून घेते.

अशी दर शुक्रवारी त्यांची शिकवणी सुरू झाली, आणि शिकवणारे होते शंकरराव. समोरच्याकडे तोंड करायचं, ओठ मोठे हलवायचे, शब्द अडला तर हाताची खूण करायची. शैलजाबाई मन लावून शिकत, पण भारी चुका करत. शंकररावांनी "माग" म्हटलं की त्यांना "बाक" वाटायचं. एकदा ते खात्यातल्या सुपरवायझरबद्दल सांगत होते आणि बाईंना वाटलं की म्हशीबद्दल चाललंय. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं की ती दूध किती द्यायची. शंकरराव हसले, आणि हसण्याला आवाज होता. दोघांनाही तो ऐकू आला. बाईंनी नुसती मान हलवली आणि पुढं चालू ठेवलं.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी विचारलं की मिल बंद झाली त्या दिवशी तुम्ही काय केलंत.

शंकरराव आवाजाविना सांगू लागले. सकाळच्या पाळीला गेलो तर फाटकावर नोटीस होती. माणसं तिथंच बसली. बाळकृष्ण रडला. मी पायी घरी आलो. मंजुळा बालवाडीत होती, मैत्री कॉलेजात. मागच्या दारी ओट्यावर बसलो. भिंतीवर ऊन होतं. सकाळचं ऊन त्या भिंतीवर कुठपर्यंत येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला बरं वाटलं.

"तुम्हाला बरं वाटलं नाही," शैलजाबाई म्हणाल्या.

शंकररावांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा ओठ हलवले.

"बरं वाटेनासं झालं?"

शंकररावांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा, एकेक शब्द तोडून सांगितला. बाईंच्या कपाळावर आठ्या. "म्हणजे त्या दिवसापासून तुम्हाला बरं नाही, असं का?"

"बरं वाटलं!" शंकरराव ओरडले. "बरं वाटलं म्हणतोय ना बाई मी, कब से!"

खोलीत आवाज घुमला. कोण बोललं ते बघायला शंकररावांनी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. मग त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शैलजाबाईंनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून पुढं केलं.

मग विचारलं, "हे आजवर कुणाला सांगितलंय?"

"आत्ताच. तुम्हाला," शंकरराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि खालच्या पत्रेवाल्यांना."

पुढं कित्येक महिन्यांनी त्यांनी बाईंना विचारलं होतं की त्या दिवशी तुम्ही मुद्दाम चुकीचं ओळखत होता का. बाई म्हणाल्या, नाही हो. मिल बंद झाल्यावर कुणाला बरं वाटेल, हे माझ्याच डोक्यात येत नव्हतं. तुमचे ओठ बरोबर सांगत होते, माझं डोकं चुकत होतं.

आवाज आला म्हणजे काम झालं, असं शंकररावांना वाटलं. घरी पोचले तेव्हा मंजुळा दारात उभी होती. "काय गं, चहा टाकतेस का," एवढं ते बोलले आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मैत्री धावत जाऊन जिलब्या घेऊन आली. शेजारीपाजारी जमले, आणि गळ्याच्या शेकाला खूप मान मिळाला. पण संध्याकाळी बाळकृष्ण आला. पुढच्या मंगळवारच्या सभेचं बोलायला लागला, आणि शंकररावांचा आवाज बसला तो बसलाच. पुन्हा नुसते ओठ.

म्हणून ते पुन्हा मल्हारगंजचा जिना चढले. या वेळी स्वतःहून.

शैलजाबाईंसमोर आवाज पुन्हा फुटला आणि त्यांनी मनातलं सगळं ओतलं. एवढ्या घरांत चूल पेटायची पंचाईत झाली, बाळूसारख्या माणसाचं जगणं गेलं, आणि मला बरं वाटतंय. मी नीच माणूस आहे.

"मिल तुम्ही बंद केलीत का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बाळकृष्णचं वाईट व्हावं असं कधी मनात आलं?"

"कसं येईल? त्याच्याकडे बघून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"म्हणजे मित्राचं वाईट वाटतं तेही खरं आहे, आणि स्वतःला सुटल्यासारखं वाटतं तेही खरं आहे. एकाच पोटात दोन्ही आहेत. तुम्ही एकाला लपवायला गेलात, आणि त्यानं तुमचा गळा धरला."

शंकरराव आठवडाभर हे वाक्य मनात घोळवत राहिले. पुढच्या खेपांना गोष्टी मागं मागं गेल्या. शंकररावांचे वडील महूला फौजेत हवालदार होते. अठराव्या वर्षापर्यंत शंकर महूच्या बाजारात एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दुकानात सायकली दुरुस्त करायला जायचा आणि दिवसभर शीळ वाजवायचा. एक दिवस वडील आले, त्याच्या हातातला पाना काढून ठेवला, आणि त्याला इंदूरला मिलच्या फाटकाशी आणून उभं केलं. पक्की नोकरी आहे, म्हणाले. शंकर म्हणाला, "जी." त्यानंतर तो सगळ्यांना "जी"च म्हणत आला. खात्यात "जी", युनियनमध्ये "जी", घरात "जी". वडिलांचा त्यांना राग नव्हता. त्या माणसानं पोराचं भलंच बघितलं होतं. पण आपण कधी काही मागितलंच नाही, हे बोलता बोलता त्यांना पहिल्यांदा कळलं.

मग बाईंनी विचारलं, "सगळीच मिल नकोशी होती?"

शंकररावांनी तोंड उघडलं ते अर्ध्या तासानं मिटलं. धूळ नको होती. बंद खिडक्या नको होत्या. कोंडल्यासारखं वाटायचं ते नको होतं. पण अडलेला माग, तो कानानं ओळखायचा, कुठं ठोका चुकतोय ते बघायचं, एक खिट्टी बसवायची आणि तो पुन्हा लयीत चालायला लागला की विणकराच्या चेहऱ्याकडे बघायचं... बोलता बोलता ते थांबले. हात हवेत तसेच राहिले होते.

"हे तुम्ही हसत हसत सांगताय," शैलजाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी बाईंनी त्यांना घरी करायला काम दिलं. दिवसातून एकदा, लहानशा गोष्टीला, खरं काय वाटतं ते सांगायचं. शंकररावांना हे मागाचा पट्टा बदलण्यापेक्षा अवघड वाटलं. तीन दिवस काही सुचेना. चौथ्या दिवशी सकाळी मंजुळानं चहाचा कप पुढं केला आणि ते म्हणाले, "मंजुळा, चहात आलं नको घालत जाऊ. मला नाही आवडत."

मंजुळा बघतच राहिली. "बावीस वर्षं पिताय."

"हो."

"तुमच्या आईंनी सांगितलं होतं तुम्हाला आवडतं म्हणून," ती म्हणाली. "मला स्वतःला आल्यानं जळजळतं. तुमच्यासाठी घालत होते."

दोघं एकमेकांकडे बघून अशी हसायला लागली की आतून मैत्री बघायला आली. त्या हसण्याच्या भरातच शंकररावांना धीर आला आणि त्यांनी मिलचंही सांगून टाकलं. मंजुळाचं हसू थांबलं. ती कप विसळायला उठली, आणि पाठमोरीच म्हणाली की तुमचा खोकला कमी झालाय, हे मी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं, आणि मलाही बरं वाटलं होतं. पण घर एकट्या बालवाडीवर कसं चालायचं, या विचारानं मी ते तुम्हाला सांगितलं नाही. मग वळून म्हणाली, "आता बरं वाटतंय तर पुढं काय करायचं, तेही बोला."

बाळकृष्णला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. शंकररावांनी दोन मंगळवार टाळले. तिसऱ्या मंगळवारी सभेच्या आधी पोह्यांच्या ठेल्यावर त्याला गाठलं आणि सांगितलं, आवाजात सांगितलं, की त्या दिवशी मी भावुक झालो नव्हतो. मला ते वाक्य म्हणता येत नव्हतं. मला परत जायचं नाहीये, बाळू.

बाळकृष्णनं पोह्यांची प्लेट खाली ठेवली. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो सरळ रस्ता ओलांडून फाटकाकडे गेला. पुढं तीन आठवडे तो घरी आला नाही. रस्त्यात दिसला तर बाजूला बघायचा. शंकररावांना वाईट वाटत होतं, पण आवाज गेला नाही. हे त्यांनी शैलजाबाईंना नवल म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, आता तुमच्यापाशी लपवायला काही राहिलं नाही ना.

त्याच दिवसांत मल्हारगंजातून येता-जाता त्यांच्या ध्यानात आलं की गल्लीगल्लीत रेडीमेड कपड्यांची कामं निघाली आहेत. घराघरांतून बायका शिलाई मशिनी चालवत होत्या, आणि मशीन अडलं की मिस्त्री दोन दोन दिवस येत नव्हता. एका ओट्यावर शांताबाई नावाच्या बाई मशीनला हात लावून हताश बसल्या होत्या. शंकररावांनी विचारलं, बघू का? मशीन मागापेक्षा लहान, पण स्वभाव तोच. त्यांनी कान लावला, तेल दिलं, आतला अडकलेला दोरा काढला, एक स्क्रू अर्धा फेरा ढिला केला. मशीन पळायला लागलं. दुसऱ्या दिवशी शांताबाईंच्या तीन शेजारणी वाट बघत होत्या. पंधरवड्यात शंकररावांच्या सायकलच्या मागे हत्यारांची पेटी आली आणि मल्हारगंज ते खजराना अशी त्यांची रोजची फेरी सुरू झाली. मोकळ्या हवेत, उन्हात, थांबावंसं वाटलं तिथं थांबत. मैत्रीनं एकदा घरी येऊन आईला सांगितलं की पप्पा सायकलवर शीळ वाजवत चालले होते, आणि आपल्याला मैत्रिणींसमोर लाज वाटली.

चौथ्या आठवड्यात बाळकृष्ण आला. सकाळची वेळ होती, शंकरराव पेटी बांधत होते. बाळकृष्ण म्हणाला, मी लई विचार केला. तू खोटं बोलून माझ्या बाजूला उभा राहिला असतास तर मला समजलंही नसतं. बाकी शंभर जण उभे आहेत, त्यांच्यातल्या किती जणांचं खरं आहे, कुणास ठाऊक. मग थोडं थांबून म्हणाला, "पण मला जायचंय, शंकर भिया. मला तीच मिल पायजे. माझ्यासाठी येशील का मंगळवारी?"

शंकररावांना "जी" म्हणायची गरज वाटली नाही. "येईन," ते म्हणाले. "पण माझं वाक्य मी बनवीन."

त्या मंगळवारी त्यांनी माईक धरला आणि सरळ सांगितलं की मी आता शिलाई मशिनी दुरुस्त करतो आणि मी परत मिलमध्ये जाणार नाही. फाटकासमोर कुजबुज झाली. पण ज्यांना जायचं आहे त्यांचा हक्क आहे, ते म्हणाले, आणि तो मिळेपर्यंत दर मंगळवारी माझी सायकल इथं उभी राहील. आवाज शेवटपर्यंत टिकला. टाळ्या पहिल्यापेक्षा कमी पडल्या. बाळकृष्णनं मात्र सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवल्या. मिल काही सुरू झाली नाही, पण पुढची दोन वर्षं, सभा भरत होती तोवर, ती सायकल तिथं उभी असायची.

शंकररावांचं मल्हारगंजला जाणं हळूहळू कमी झालं. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, मग वाटलं तेव्हा. एका शुक्रवारी ते निघाले तर मंजुळाही साडी बदलून उभी. त्यांना वाटलं, बाईंचे आभार मानायचे असतील. दोघं जिना चढली. शैलजाबाईंनी दार उघडलं, तशी मंजुळा नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही इथं बसा. आज माझा नंबर आहे."

दार बंद झालं. शंकरराव बाहेरच्या बाकावर बसले. पाच मिनिटं झाली, वीस झाली. आतून आधी काही ऐकू येत नव्हतं. मग मंजुळाचा आवाज चढला, बालवाडीत चढतो तसा. आणि मग दोघींचं हसणं. आपल्याबद्दल काय चाललं असेल, या विचारानं शंकररावांनी बाकावर तीनदा जागा बदलली. आपलं नावही एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं, पण नक्की सांगता आलं नसतं.

तासाभरानं मंजुळा बाहेर आली. डोळे लाल होते आणि चेहरा धुतल्यासारखा उजळलेला.

"काय बोललीस?" शंकररावांनी विचारलं.

"सांगेन," ती म्हणाली. "मनात आलं तर. पुढच्या शुक्रवारी परत यायचंय मला."

शंकररावांनी एकदा बंद दाराकडे बघितलं आणि एकदा बायकोकडे. मग म्हणाले, "चल, मी सोडत जाईन तुला." खाली उतरून त्यांनी हत्यारांची पेटी पुढच्या दांडीवर बांधली, आणि मंजुळा मागच्या कॅरियरवर बसली.